माननीय रिक्त पदास, वागळे इस्टेटहून

प्रति,
माननीय रिक्त पद (अधिपरिचारिका),
मुक्काम : राज्यातील सार्वजनिक रुग्णालये

विषय : आपल्या अखंड सेवेबद्दल अभिनंदन



मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला कामगार. फर्स्ट, सेकंड, नाईट या तिन्ही पाळ्या अंगावर काढलेल्या, म्हणून आपले कौतुक जरा जास्तच. आपण रजा टाकत नाही, महागाई भत्ता मागत नाही, बाळंतपणाला जात नाही. मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हाही आपण जागचे हलला नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी माणसे घ्यायचा निर्णय काढला आणि पुढच्याच महिन्यात ओरड झाल्यावर मागे घेतला. निर्णय आला, गेला. आपण होता तिथेच आहात.

भारतीय परिचर्या परिषदेला मात्र आपली कदर नाही. साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीनमागे एक, वर रजेसाठी ३० टक्के राखीव, असले हट्टी निकष तिने घालून ठेवलेत. आपल्यासाठी त्यात जागाच नाही. सुदैवाने निकष कागदावर असतात आणि आपण वॉर्डात.

आपण नेमके काय साधता, ते मी पाळीच्या हिशेबाने मांडतो. आठ तासांची ड्युटी म्हणजे ४८० मिनिटे. पाच रुग्ण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला ९६ मिनिटे. चाळीस खाटांच्या वॉर्डात आपल्या कृपेने एकच सिस्टर उरली, तर १२. या बारा मिनिटांत इंजेक्शन, सलाईन, बीपी, ताप, केसपेपर, रजिस्टर आणि पुढच्या पाळीला ओव्हर देणे. शिवाय ‘सिस्टर लक्षच देत नाहीत’ ही आमची तक्रार ऐकून घेणे. शिव्या तिने खायच्या, अदृश्य आपण राहायचे, ही वाटणी कुणी ठरवली?

उरलेले काम होतेच, फक्त दुसरे कुणी करते. सलाईन संपत आले की बाटलीकडे टक लावून बसलेला भाऊ ओरडतो. भांडे द्यायला मावशी नसतील तर सून उठते. तिला पास दिलेला असतो, प्रशिक्षण नव्हे. तिचा बुडालेला रोज कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. आपल्यामुळे वाचलेला पगार तो हाच.

आमच्याकडे शेडमध्ये मशीन येऊन पडले आणि ऑपरेटर नसला, तर त्याला उत्पादन म्हणत नाहीत. खाटांचे मात्र उलट आहे. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालय पाडून ९०० खाटांचे नवे उभारायचे ठरले. आकडा ऐकून छाती फुगते. खाटांबरोबर माणसेही तेवढीच मंजूर झाली आणि भरली गेली, तर आपली मोठी पंचाईत होईल. पण भूमिपूजनाच्या फलकावर खाटा लिहितात, नर्स नाहीत. तेव्हा आपण निश्चिंत असावे.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. बरेच जण अत्यवस्थ होऊनच आले होते, असे प्रशासनाने सांगितले. असतीलही. दोष आपला, असे मी म्हणत नाही. पण अत्यवस्थ माणसाला सतत पाहणारे कुणी लागते, आणि चौकशी समित्या आपल्याला साक्षीला बोलावत नाहीत.

अमेरिकेतल्या लिंडा एकेन बाईंनी मात्र २००२ साली आपल्यालाच पकडले. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले, की नर्सच्या वाट्याला एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने तर एका नर्समागे जास्तीत जास्त किती रुग्ण, याचा कायदाच केला.

आपल्याकडचा दाखला परळचा. केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग जवळपास ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना बेडसोर होऊ दिला नाही, हे देशभर वाखाणले गेले. त्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. कूस बदलायला हात लागतात, आणि तेवढेच नेमके आपल्याला नाहीत.

खासगी भावंडांचीही विचारपूस करतो. वागळे इस्टेटपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत छोटी नर्सिंग होम पुष्कळ. पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला किमान २० हजार पगार द्यावा, असे केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये सुचवले. सूचनाच ती, बंधन नव्हे. आणि मिळाले जरी २० हजार, तरी राज्य कामगार विम्याची मर्यादा २१ हजार. म्हणजे ती सिस्टर माझ्यासारखीच विमाधारक. पगारातले ०.७५ टक्के, महिना १५० रुपये, भरून ती आजारपणात कामगार रुग्णालयाच्या रांगेत उभी राहणार. तिथे आपण भेटाल, तर जरा ओळख द्या.

एकच मागणे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर, तिन्ही पाळ्यांत, खडूने लिहिलेला फळा लागावा : रुग्ण इतके, मंजूर सिस्टर इतक्या, हजर इतक्या. भांडण कुणाशी करायचे, ते मग नातेवाइकांना दारातच कळेल. मंजूर आणि हजर यांत जो फरक दिसेल, ते आपले जाहीर दर्शन समजू आणि सिस्टरला सोडून थेट मंत्रालयात जाऊ.

आपला नम्र,
एक विमाधारक

प्रत माहितीसाठी : वित्त विभाग. (पद भरण्याचा प्रस्ताव परत पाठवताना शेरा वाचता येईल अशा अक्षरात लिहावा, ही विनंती.)