एकटेच आलात?

एकट्याने डोंगर चढायला निघालेल्या माणसाची सह्याद्रीत जेवढी चौकशी होते, तेवढी पासपोर्टच्या पडताळणीतही होत नसेल. बारी गावात उतरलो आणि चहावाल्याने विचारलं, "एकटेच आलात?" पायवाटेला लागलो तर गुराख्यानेही तेच विचारलं. शेवटच्या घरातल्या आजींनी तर "घरी भांडण झालं का?" असा पोटप्रश्नही काढला. "वर प्रार्थना करायला चाललोय," म्हटलं, तर म्हणाल्या, "मग देवीला नारळ न्या." मी ख्रिस्ती असल्याचं सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला. "मग लिंबूसरबत घ्या."

भांडण झालं होतं, पण घरी नव्हे, चर्चच्या कमिटीत. भिंतींना रंग कोणता द्यायचा यावर मंडळीत दोन तट पडले होते. एक फिक्या पिवळ्याचा आणि दुसरा जरा कमी फिक्या पिवळ्याचा. बैठक संपली तेव्हा दोन्ही बाजूंनी पवित्र शास्त्रातली वचनं निघाली होती. तेव्हाच ठरवलं, देवाशी जे बोलायचं ते यापुढे उंचावर जाऊन बोलायचं.

त्याला शास्त्राधारही भक्कम आहे. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस होता. येशू लोकांना निरोप देऊन एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जाई. फक्त आधार शोधणाऱ्याने तेवढंच वाचून पुस्तक मिटावं. मोशे खाली येतो तर लोकांनी सोन्याचं वासरू करून ठेवलेलं. येशू एकांत शोधत होडीने निघतो तर पाच हजारांचा समुदाय काठाकाठाने चालत हजर, आणि तोही उपाशी.

कळसूबाईच्या चढाने मला प्रार्थनेबद्दल जे शिकवलं ते कुठल्याही शिबिरात शिकायला मिळालं नव्हतं. रविवारी मला प्रार्थनेला उभं केलं की मी विशेषणांवर विशेषणं रचतो. त्या दिवशीही सुरुवात झोकात केली. "हे परमदयाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय बापा..." पहिल्या लोखंडी शिडीपाशी दया आणि सामर्थ्य दोन्ही गळाली. पुढच्या शिडीवर स्वर्ग सुटला. त्यानंतर नुसतंच "बापा", आणि शेवटच्या टप्प्यात "बा... बा..." मागून येणारा एक मुलगा काळजीने म्हणाला, "काका, वडील मागे राहिलेत का?" पण खरं सांगतो, इतकी सच्ची प्रार्थना माझ्या तोंडून कधी निघाली नव्हती. आमच्या मंडळीतल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांनीही या शिड्या चढून पाहाव्यात, असं माझं नम्र मत आहे.

माथा 1646 मीटरवर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. मी मंदिराच्या आडोशाला बसलो आणि एलीयासारखी वाट पाहू लागलो. होरेब डोंगरावर एलीयापुढून आधी प्रचंड वारा गेला, मग भूकंप झाला, मग अग्नी आला. परमेश्वर त्यांपैकी कशातच नव्हता. नंतर एक मंद वाणी ऐकू आली. माझ्याही बाबतीत क्रम चुकला नाही. वारा टोपी उडवण्याइतका होता. भूकंप ट्रेकर मुलांच्या स्पीकरमधून होत होता. अग्नी कांदाभज्यांच्या कढईखाली होता. तो जरा शांत झाला आणि माझ्या कानाशी खरोखरच मंद वाणी आली, "काका, आमचा एक फोटो काढता?"

फोटो काढून होतो तोच ती मुलं तंबू ठोकायच्या जागेवरून वाद घालू लागली. मला पेत्र आठवला. येशूचं रूपांतर झालं, मोशे आणि एलीया प्रत्यक्ष दिसले, आणि पेत्राला सुचलं काय, तर इथे तीन मंडप घालू या! आमच्या कमिटीत त्याला एकमताने निवडून दिलं असतं.

बाजूच्या पुजाऱ्यांनी मग कळसूची गोष्ट सांगितली. इंदोर गावात एका घरी ती कामाला राहिली ती अटीवर, भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही. एकदा पाहुणे आले आणि घरच्यांनी तिला नेमकी तीच कामं सांगितली. तिने ती केली, आणि तडक डोंगर चढून गेली ती कायमची. म्हणजे कटकटीला कंटाळून वर आलेला मी पहिला नव्हतोच. जागाही आधीच गेलेली होती.

उतरताना गुडघे थरथरत होते. आजींनी लांबूनच ओळखलं. मी अंगणात टेकलो तर म्हणाल्या, "आधी खाऊन घ्या, मग बोला." पुढ्यात नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. आणि एलीयाच्या कथेतला वादळाआधीचा भाग आठवला, जो आम्ही घाईघाईने वाचून सोडतो. जीव नकोसा होऊन तो रानात झुडपाखाली निजला होता. देवदूताने त्याला ना बोध केला ना दटावलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं आणि म्हणाला, ऊठ, खा. तो जेवून पुन्हा झोपला, तर देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं. इथे काय करतोयस हा प्रश्न देवाने विचारला तो होरेबला पोचल्यावर, म्हणजे भरल्या पोटी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्यामुळेही असेल. आजींनी भाकरीचे पैसे मात्र चोख घेतले.

रविवारी ही सगळी हकिगत मी पाळकसाहेबांना सांगितली. ते म्हणाले, "रेव्हरंड टिळकांना नवा करार आगगाडीतल्या सहप्रवाशाने दिला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते जे थबकले, ते 1895 साली बाप्तिस्मा घेऊनच पुढे गेले. त्यांना काही चढावं लागलं नाही." तरी त्यांनी मला उपासनेत साक्ष द्यायला उभं केलं. मी भाकरीपर्यंत पोचलो तेव्हा दोन्ही पिवळे तट माना डोलावत होते. मला वाटलं, झालं काम.

काम झालंच. आमेन म्हणायच्या आत भगिनी मंडळाने कळसूबाईची सहल ठरवली. बस सांगितली आहे, पिठल्याची ऑर्डर आजींकडे दिली आहे, आणि माथ्यावर टिळकांची भजनं म्हणायची असल्याने बाजाची पेटी नेणं आवश्यक आहे. ती शिड्यांवरून वर कोणी न्यायची यासाठी कमिटीची बैठक बसली. फिक्या पिवळ्यांचं म्हणणं, वाट ज्याला माहीत आहे त्यानेच न्यावी. कमी फिक्यांनी त्याला ताबडतोब अनुमोदन दिलं.