नारळाचं भकल परत मिळेल का?

सिंगापूर
गणपती गावाला गेल्यानंतरचा रविवार

ती. आई आणि बाबांना सा. न. वि. वि.

पत्र कशाला, असं म्हणू नका. व्हिडिओ कॉलवर तुम्ही फोन असा धरता की आईचं कपाळ आणि बाबांच्या डोक्यावरचा पंखा एवढंच दिसतं. मुद्द्याचं काही बोलायला घ्यावं तर पंखा थांबतो, म्हणजे श्रीवर्धनची वीज गेली. शिवाय आईने या वेळी जे विचारलंय त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही. "तिकडे आपलं देऊळ आहे का गं?" हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर आई, तू आम्हाला बिऱ्हाडासकट परत बोलावशील. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक मान्य करून टाकू. मराठी माणूस परदेशात गेला की मंडळ काढतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे. त्याच लंडनमध्ये, नीसडनला, स्वामिनारायण पंथाच्या लोकांनी बल्गेरियाचा चुनखडी दगड आणि इटलीचा संगमरवर भारतात नेला, तिथे कोरून घेतला, पुन्हा बोटीने लंडनला आणला आणि १९९५ साली देऊळ उभं केलं. आपण तेवढ्यात दोन अंकी नाटक बसवलं. यात कमीपणा काही नाही, नाटकाच्या तालमीला सगळे वेळेवर आले असतील तर. इथल्या मंडळाचा गणपतीही दणक्यात होतो. पण मूर्ती हलली की हॉल रिकामा करून द्यावा लागतो. मग उरलेलं वर्ष आम्ही देवाला भेटतो ते दुसऱ्यांच्या घरी. बहुतेक वेळा तमिळ लोकांच्या.

लिट्ल इंडियात सेरंगून रोडवर वीरमाकालीअम्मन म्हणून कालीचं मोठं जुनं देऊळ आहे. दाराशीच एक धातूची पेटी ठेवलेली असते. आत जाण्याआधी लोक तिच्यात नारळ आपटतात. हळूच दगडावर टिचकवून दोन सारखी भकलं काढायचा प्रकार नाही, चांगला हात उगारून आपटायचा. पाणी उडतं, कवटीच्या चिंधड्या होतात, आणि खोबरं राहतं तिथेच! सुहास वाकून पेटीत बघत उभा राहिला. मागच्या बाईंना वाटलं, काही पडलंय का? पडलं नव्हतं, आपलं भकल परत कोण देतं ते तो शोधत होता. कोकणच्या जावयाला असं वाटणं साहजिक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आपल्या वाडीतल्या माड-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा बाबांनी चिखलातून एकेक नारळ गोळा केलेला त्याने पाहिलाय. शिवाय इथे नारळ दुकानातून पैसे मोजून आणावा लागतो हे दुखणं वेगळंच. आता आम्ही आपटायचा नारळ न घेता अर्चनेचं ताट घेतो. त्यात केळी, विड्याची पानं आणि फोडलेल्या नारळाची दोन्ही भकलं परत मिळतात. रविवारच्या सोलकढीची सोय होते. देवीलाही कळत असणार, पण ती काही बोललेली नाही.

मात्र अर्चनेची खरी अडचण पुढे आहे. काउंटरवर तिकीट काढायचं, गुरुजींच्या हातात द्यायचं, आणि ते विचारतात, "नाव? नक्षत्र?" आपल्याला गोत्र विचारलं तर येतं, रास तर पेपरातल्या भविष्यामुळे पाठच असते. नक्षत्र कोण लक्षात ठेवतो? आमच्या पुढे चौथीतला एक तमिळ मुलगा होता. त्याने घरातल्या सगळ्यांची नक्षत्रं पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हटली. सुहासची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "सुहास, कन्या." गुरुजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कन्येचं स्थळच आणलंय. शेवटी त्यांनी तोडगा काढला. ज्यांना नक्षत्र माहीत नाही त्यांची अर्चना देवाच्याच नावाने करतात. म्हणजे पैसे आमचे, नाव देवाचं आणि पुण्य कुणाच्या खात्यात गेलं ते चित्रगुप्त जाणे. आई, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आमच्या पत्रिका आहेत, त्या काढच.

आणखी एक, ही देवळं दुपारी बंद असतात. आपल्याकडे जीवनेश्वराला किंवा सोमजाईला भर बाराला गेलं तरी निदान गाभाऱ्यासमोर बसता येतं. इथे देव वामकुक्षी घेतो आणि दाराला कुलूप. पण चपला मात्र जागच्या जागी सापडतात. त्यामुळे दर्शन घेताना मन पूर्ण देवाकडे लागतं, हे मी प्रथमच अनुभवलं.

इथलं सर्वात जुनं हिंदू देऊळ मारीअम्मनचं, १८२७ सालचं, आणि ते आहे चायनाटाउनमध्ये. त्याच्या गोपुरामुळे शेजारच्या गल्लीला पॅगोडा स्ट्रीट म्हणतात, दुसरीला टेंपल स्ट्रीट. जवळच तमिळ मुसलमानांची जामे मशीद आहे, तिच्यावरून मॉस्क स्ट्रीट. चिनी वस्तीत चिनी माणसाच्या वाट्याला दुकानं आली आणि पाट्या आपल्या लोकांच्या नावाने लागल्या. गोपुराच्या बाजूच्या भिंतीवर गाईंच्या मूर्ती रांगेने बसवल्यात. आमची मुक्ता म्हणाली, आजीच्या गावच्या गाई रस्त्यात बसतात, इथल्या भिंतीवर बसतात.

बाबा, तुम्ही आलात की तुम्हाला वॉटर्लू स्ट्रीटला नेणार आहे. एका छोट्या रस्त्यावर कृष्णाचं देऊळ, त्याला लागून क्वान यिम या चिनी देवीचं देऊळ, आणि थोडं पुढे यहुद्यांचं सिनेगॉग. चिनी माणसं क्वान यिमला उदबत्त्या लावतात, बाहेर पडतात आणि जाता जाता कृष्णापुढच्या पात्रातही उदबत्ती खोचून हात जोडतात. मुक्ताने विचारलं, "हे कुठल्या धर्माचे?" चिन्मय म्हणाला, "सिंगापूरचे. रांग दिसली की उभे राहतात." पोरगं चौदा वर्षांचं आहे, जिभेला हाड नाही. पण अगदीच चुकीचं बोलला नाही.

क्वान यिमच्या देवळात गेलो आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. तिथे चक्क कौल लावतात! गुरव नाही, फुलांच्या पाकळ्या नाहीत. बांबूच्या नळकांड्यात काड्या भरलेल्या असतात. गुडघे टेकून मनात प्रश्न धरायचा आणि एकच काडी बाहेर पडेपर्यंत नळकांडं हलवायचं. काडीवर आकडा असतो. मग चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल ठोकळे जमिनीवर टाकून देवीला विचारायचं, हीच काडी ना? एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. त्यानंतर आकड्याचा कागद मिळतो, इंग्रजीतसुद्धा. म्हणजे देवी उजवा देते की डावा यावर चार माणसांनी वाद घालायची गरज नाही, सगळं लेखी. शेकडो काड्या एकदम खुळखुळत असतात, पावसाळ्यात आपल्या पत्र्यावर येतो तसा आवाज. मुक्ताने हलवायला घेतलं तर एकाच वेळी तीन काड्या पडल्या. तिचं म्हणणं, माझे प्रश्नच तीन होते.

सिनेगॉग आम्ही बाहेरून पाहिलं. फाटकाशी पहारा असतो. पण पाटी वाचून मी थबकलेच. मघेन अबोथ, १८७८! अहो बाबा, आपल्या अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगचं नावही हेच. इथलं बगदादकडून आलेल्या यहुद्यांचं, अलिबागचं आपल्या बेने इस्रायलांचं. मुलांना सांगितलं की आपल्या किनाऱ्यावर हे लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, आणि रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर. चिन्मयला पटेना. यहुदी आणि पेणकर? मग त्याला सांगितलं की त्यातले बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथे जाऊन त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. आता पटलं. नाटक मंडळीचीच जात ती.

गुरुद्वाराचं थोडक्यात सांगते, कारण तिथे आमचं सगळं लक्ष जेवणाकडे असतं. सिलाट रोडचा गुरुद्वारा १९२४ चा. इंग्रजांनी १८५० साली पंजाबातून इथे आणून तुरुंगात टाकलेल्या भाई महाराज सिंगांचं स्मारक तिथे आहे. लंगरमध्ये नक्षत्र विचारत नाहीत, फक्त डाळ आणखी हवी का विचारतात. चिन्मय म्हणतो दर रविवारी इथेच येऊ. त्याची श्रद्धा दुसऱ्या पोळीनंतर वाढते.

आता मुख्य बातमी. यंदा गणपतीच्या सुट्टीत आम्ही मॉरिशसला जाऊन आलो. 'गणपतीची सुट्टी' असं मी लिहिलं ते तिथल्यासाठी. सिंगापुरात नाही मिळत, सुहासने रजा टाकली. मॉरिशसला मात्र गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. १८३४ सालापासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर भारतातून गिरमिटिया मजूर नेले, साडेचार लाखांच्या आसपास. जास्त करून बिहारचे, पण मुंबई बंदरातून आपले कोकणातलेही गेले. आमच्यासारखे लॅपटॉप घेऊन नव्हेत, पाठीवर गाठोडं घेऊन. आणि त्यांनी मंडळ काढायच्या आधी देव बसवले. तिथला पहिला गणपती ऑन्रिएता गावात एका मराठी घरात १८९६ साली बसला म्हणतात. टिळकांनी उत्सव चव्हाट्यावर आणला त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

गंगा तलावावरही गेलो. डोंगरातलं ज्वालामुखीचं तळं. १८९७ साली एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की याचं पाणी गंगेला मिळालेलं आहे, आणि दुसऱ्या वर्षीपासून लोक शिवरात्रीला चालत जायला लागले. पुढे १९७२ मध्ये खरोखरच गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं, म्हणजे शंका नको. आता तिथे १०८ फुटी महादेव उभा आहे, २००७ पासून. सुहास फोटोसाठी मागे मागे सरकत गेला. महादेव चौकटीत मावला तेव्हा बायको-मुलं मुंगीएवढी झाली होती आणि आमची केळी माकडांनी नेली होती. हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात ते बाबा अभिमानाने सांगतात ना, तिथे त्यांनी गंगाच आणून ठेवलीय. स्पर्धा अवघड आहे.

पण खरी मजा चतुर्थीला. ओळखीतल्या ओळखीने एका मराठी घरी गेलो. घरात सगळे आपापसात क्रिओल बोलतात, फ्रेंचसारखी काहीशी. आरती मात्र मराठीत, तीही पुढच्या खोलीतली तसबीर हलेल अशा आवाजात. एक मुलगा मोबाइलवर रोमन लिपीत वाचून म्हणत होता, आणि आमचे दोघे दिवटे नुसते ओठ हलवत होते. नंतर अंगणात झाकरी झाली. आई, ही आपली जाखडीच गं! तसंच गोलात नाचणं, तोच ढोलकीचा ठेका, तशाच मधे मारलेल्या हाका. जे आपल्याकडे मुंबईहून चाकरमानी आल्याशिवाय उभं राहत नाही, ते त्यांनी समुद्रापलीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवलंय. मोदकही होते. तळलेले. चेहरा करू नकोस, चांगले होते. मी तीन खाल्ले आणि उकडीच्या बाजूने एक शब्द बोलले नाही.

घरातल्या आजी माझ्याशी मराठीत बोलायला लागल्या. सावकाश, एकेक शब्द निवडून. तिथे मराठी शाळेत शिकवतात, त्या स्वतः शिकलेल्या. माझी बडबड त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि कौतुकाने विचारलं, "तुम्ही मराठी कुठे शिकलात?" मी म्हटलं, श्रीवर्धनला, घरीच. त्या म्हणाल्या, घरी शिकून एवढं चांगलं येतं म्हणजे हुशार आहात. सुहास अजून हसतोय.

विसर्जन समुद्रात. रस्त्यावर वाहतूक अडवायला पोलीस, डोक्यावर गणपती, ताशा. आमचं सिंगापुरातलं विसर्जन न्हाणीघरात बादलीत होतं, तुम्हाला ठाऊकच आहे. मुक्ता वाळूवर उभी राहून पाहत होती. मला म्हणाली, "आई, यांची बादली केवढी मोठी आहे!"

तेव्हा आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की आपलं देऊळ मॉरिशसला आहे. आम्ही राहतो सिंगापुरात. पण इथल्यांनी आम्हाला अजून बाहेर काढलेलं नाही, आणि भकलं परत मिळायला लागल्यापासून माझी काही तक्रार उरलेली नाही.

बाबांना सांग, पुढच्या गणपतीत वाडीवरच्या जाखडीची गाणी फोनवर नीट रेकॉर्ड करा, पंखा सोडून. मॉरिशसच्या आजींना पाठवायची आहेत. रोठा सुपारी या खेपेला नको, मागची डबा भरून आहे.

तुमची,
मीनल

ता. क. माझं आणि मुलांचं नक्षत्र ट्रंकेत सापडेल. सुहासचं नाही सापडलं तर राहू दे, पण त्यासाठी सासूबाईंना फोन करू नकोस. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सुनेच्या माहेराहून मुलाची पत्रिका मागितली गेली, तर त्या दुसऱ्या दिवशीच्या विमानाने इथे हजर होतील.