पत्र्याला स्लॅब म्हणणाऱ्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. शिरोली एमआयडीसीच्या कडेला आमच्या भाड्याच्या चार खोल्या आहेत, त्यांची आकारणी तुम्ही केलीत. गाडीतून खालीसुद्धा न उतरता केलीत. टेप लावली नाही, दार वाजवलं नाही, आणि घरफाळ्याचं फुगलेलं बिल मात्र आमच्या हातात ठेवलंत.

तुमच्या नोंदीत या खोल्या आरसीसी आहेत. साहेब, त्यांच्यावर पत्रा आहे. वळवाच्या वाऱ्यात उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड रस्त्यावरूनही दिसतात. हुक गंजलेत तिथून पावसाळ्यात पाणी ठिबकतं आणि भाडेकरू खाली पातेलं लावतात. स्लॅब कुठे दिसला तुम्हाला? बांधकाम 2005 च्या महापुराआधीचं आहे. तुम्ही ते नवं ठरवलंत आणि घसाऱ्याची आमची हक्काची वजावट बुडवलीत. सायकली लावायचं मोकळं अंगणही बांधकामात धरलंत.

पण सगळ्यात जास्त राग आहे तो वापराच्या रकान्यात तुम्ही लिहिलेल्या 'वाणिज्य' या शब्दाचा. 2015 च्या सुधारित नियमांनी ग्रामपंचायतीचा घरफाळा भांडवली मूल्यावर आणला. त्यात निवासी वापराचा भारांक 1 आणि वाणिज्य वापराचा 1.25 आहे. म्हणजे तुमच्या एका शब्दानं आमच्या खोल्यांचं मूल्य सव्वापट झालं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, ''भाडं घेताय ना? मग धंदाच की.'' नाही, साहेब. त्या रकान्यात वापर विचारलाय. आमच्या खोल्यांत दुकान नाही, गोडाऊन नाही. तिथे फौंड्रीत मोल्डिंग करणारी पोरं राहतात, कोणी बिहारची, कोणी ओडिशाची. रात्रपाळी करून येतात, मोरीवर पाय धुताना काळी वाळू निघते, मग भात शिजवतात आणि दिवसा दार लावून झोपतात. माणूस जिथे जेवतो आणि झोपतो ते घरच, मालक कुणीही असो.

वाढलेला फाळा मी माझ्या खिशातून किती दिवस भरणार? उद्या भाडं वाढवावं लागेल. तुम्ही न मोजता लिहिलेल्या आकड्याचे पैसे भट्टीसमोर उभा राहणारा माणूस भरेल. हे तुमच्या लक्षात आलं नसेल, तर या कामाला तुम्ही लायक नाही. लक्षात येऊनही लिहिलं असेल, तर तो अन्याय आहे.

घरफाळा बुडवायचा नाही मला. रस्ता, गटार, दिवाबत्ती फुकट होत नाही, हे एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. योग्य आकारणी करा, त्याच दिवशी भरतो. पण आकारणीची यादी प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या असतात, तो कागद आमच्या गल्लीत कुणी पाहिला नाही. ''नोंद झाली, आता बदलत नाही'' हे तुमचं म्हणणंही खोटं आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली पंचायत समितीकडे अपील करता येतं आणि ते मी केलंय. पत्र्याचे फोटो, जुन्या पावत्या, वीजबिलं आणि टेप लावून काढलेलं क्षेत्रफळ जोडलंय. टेपचं दुसरं टोक एका भाडेकरूनं धरलं होतं, पाळी संपवून आल्यावर, न झोपता.

सुनावणीला तुम्ही स्वतः या. त्याआधी एकदा खोल्यांवर या, आत या, मान वर करून छत बघा आणि जे दिसेल तेच लिहा.

आणि आजूबाजूच्या खोलीमालकांना एक विनंती. बिल बघून नुसतं चरफडू नका. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा, बांधकामाचा प्रकार, वय, क्षेत्रफळ आणि वापर हे रकाने नीट वाचा. चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.