दोन बोटांत धरलेला बनियन

पंचवीस वर्षं मी मेडिसिन शिकवतोय आणि प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच क्लिनिकमध्ये एक जुना अभ्यास ऐकवतो. १९७५ साली ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातले ८० नवे रुग्ण घेतले. सोबतची चिठ्ठी वाचून आणि हिस्ट्री ऐकून केलेलं निदान त्यांतल्या ६६ जणांत शेवटपर्यंत टिकलं. अंगाला हात लावून तपासल्याचा निर्णायक उपयोग सात जणांत झाला, प्रयोगशाळेचा आणखी सात जणांत. "तेव्हा पोरांनो, आधी ऐका," असं म्हणून मी जरा थांबतो. पोरं लिहून घेतात. मला बरं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री माझ्याच डाव्या छातीत दुखायला लागलं. स्तनाग्राच्या जरा खाली, तिथून बगलेखालून पाठीकडे. जळजळ, मधूनच सुया टोचल्यासारखं. वय ५२, वडिलांना साठीच्या आत झटका आलेला, आणि पोट माझ्या आधी खोलीत शिरणारं. एवढं जमून आल्यावर विचार कशाला करायचा?

बायको गाडी चालवत होती. मी शेजारी बसून कुठल्या रक्तवाहिनीत अडथळा असावा हे तिला समजावत होतो, शर्टाची बटणं सोडून, कापड दोन बोटांनी अंगापासून लांब धरून. हा तपशील लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

कॅज्युअल्टीत माझाच एक जुना विद्यार्थी ड्यूटीवर होता. त्याने नाडी धरली आणि विचारलं, "सर, नक्की कसं दुखतंय?" मी हातानेच त्याला गप्प केलं. "ईसीजी काढ आधी."

ईसीजी नॉर्मल. ट्रोपोनिन नॉर्मल, तीन तासांनी पुन्हा नॉर्मल. इथवर सगळं रीतसर होतं. इथून पुढे मी सुटलो. इको झाला. फुफ्फुसाच्या आवरणाला सूज असेल म्हणून एक्स-रे, रक्ताची गुठळी असेल म्हणून डी-डायमर, काहीच नाही म्हणून सोनोग्राफी. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टगणिक माझा आजार आणखी दुर्मीळ होत गेला. सोमवारी पहाटे मी महाधमनीला चीर गेल्याच्या निदानावर पोहोचलो आणि सीटी मागितला. शनिवारी चीर गेली असती तर सोमवारी चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरायला मी उरलो असतो का, हे काही मला सुचलं नाही. सीटीही स्वच्छ आला. "ताण घेऊ नका सर," म्हणत त्यांनी मला घरी पाठवलं. हेच वाक्य मी हजारो रुग्णांना ऐकवलंय. ते इतकं लागतं हे ठाऊक नव्हतं.

घरी आई. वय ८१, शिक्षण सातवी.

"असा बनियन का धरून बसलायस?"

"अंगाला लागतो."

"कापड लागलं की झोंबतं?"

"हो."

"एकाच अंगाला?"

"हो."

"मग नागीण उठणार."

मी हसलो. म्हटलं, "आई, नागिणीला फोड असतात. दाखव कुठे आहेत?"

"उठतील की. घाई काय आहे?"

मंगळवारी सकाळी आरशात दिसले. लालसर कातडीवर पाण्याच्या थेंबांसारखे बारीक फोड, दाटीवाटीने, पुढून मागे ओळीत गेलेले आणि पाठीच्या कण्यापाशी शिस्तीत थांबलेले. पाठ्यपुस्तकात छापावेत असे.

आई वाटीत काव कालवून हजर झाली. "तोंड आणि शेपूट जुळायच्या आत लाव, जुळलं की माणूस जातो." आता कुठे मला बोलायला जागा मिळाली. मी सांगितलं की कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू जात नाही, कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून राहतो आणि पुढे कधीतरी एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. एक नस अंगाचा अर्धाच पट्टा सांभाळते, म्हणून नागीण सहसा मधली रेघ ओलांडत नाही आणि तोंड-शेपूट जुळत नाही. फोड यायच्या आधी दोन-चार दिवस त्याच पट्ट्यात नुसतीच आग होते, कापडसुद्धा सोसत नाही.

आई शांतपणे ऐकत होती. "हे सगळं तुला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

मी बोललो नाही. "कांजिण्या तुला दुसरीत आल्या होत्या," ती वाटी उचलत म्हणाली, "सहामाही बुडली होती. तिथे विचारलं का कुणी?" विचारायला लागलेल्या एकमेव माणसाला मीच गप्प केलं होतं.

असायक्लोव्हिर फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायला हवं, ते तेवढं जमलं. ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. काव मी लावली नाही. आईने ते मनावर घेतलं नाही, पण गोळ्यांच्या वेळा मात्र तिनेच सांभाळल्या.

पुढच्या बॅचला मी हीच केस घातली, रुग्णाचं नाव न सांगता. "बावन्न वर्षांचा पुरुष, डाव्या छातीत जळजळ, कपडा अंगाला सोसवत नाही." मागच्या बाकावरच्या मुलीने वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं. मग तिने सीटी कोणी लिहिला ते विचारलं.

छातीत दुखलं तर ईसीजी तुम्हीही आधी काढाच, त्यात माझं चुकलं नव्हतं. फोड दोन आठवड्यांत खपली धरून गेले. बगलेखाली बनियन अजून अधूनमधून झोंबतो.