चहा, ढाबा आणि दहा कोटी

सरकार नवं आलं की त्याला पहिली काळजी पडते ती पेपरात काय छापून येतंय याची. विहिरीला पाणी किती, हा नंतरचा प्रश्न. या काळजीवरचा उतारा आपल्या नगरला (चुकलो, अहिल्यानगरला, पण तेव्हा नगरच होतं) सरकार यायच्या वर्षभर आधीच सापडला होता. सप्टेंबर 2023 मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे इथे आले आणि कार्यकर्त्यांना कानमंत्र देऊन गेले. बूथवरच्या पत्रकारांची यादी करा, महिन्यातून एकदा चहाला बोलवा, ढाब्यावर न्या. 2024 पर्यंत आपल्याविरुद्ध बातमी येता कामा नये. चहा म्हणजे काय ते तुम्हाला कळतं, असंही सुचवलं. ध्वनिफीत बाहेर आली, बोंबाबोंब झाली, मग खुलासा आला: पत्रकारांचा मान ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. ढाबेवाल्यांनी खुलासा मागितला नव्हता.

डिसेंबर 2024 मध्ये देवेंद्र फडणवीसांचं सरकार आलं, बावनकुळे महसूलमंत्री झाले आणि ढाब्याची जागा शासन निर्णयाने घेतली. 5 मार्च 2025 रोजी माध्यम देखरेख केंद्राला मंजुरी मिळाली. तरतूद दहा कोटी. सकाळी आठ ते रात्री दहा पेपर वाचायचे, वाहिन्या पाहायच्या, सरकारविषयीच्या बातम्या जमवायच्या आणि सकारात्मक कुठली, नकारात्मक कुठली याची वर्गवारी करायची. कात्रणं तर जिल्हा माहिती कार्यालयात वर्षानुवर्षं कापली जातच होती, कात्री आणि डिंकाच्या खर्चात.

खरं तर नगर जिल्ह्यासाठी एवढ्या खर्चाची गरजच नव्हती. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीचं मानधन किती मिळतं हे तो घरीसुद्धा सांगत नाही. त्याचं घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, गळीत हंगामाच्या शुभारंभाचं अर्धं पान, दिवाळीच्या शुभेच्छा. आणि या जिल्ह्यात कारखाना, दूध संघ, पतसंस्था, कॉलेज यांचा धागा शेवटी कुठल्या वाड्यावर जातो, हे शेंबडं पोरही सांगेल. ज्याच्याकडून पुरवणी आणायची त्याच्याविरुद्ध बातमी लिहायची कुणी? ती संपादक कापत नाही. ती वार्ताहराला सुचतच नाही. तिथे देखरेख केंद्राने रात्री दहापर्यंत जागून तरी काय शोधायचं?

वरच्या पातळीवर तर आता बातमीही लागत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मराठी पेपरांची पहिली पानं ‘देवाभाऊ’च्या जाहिरातींनी भरली. शिवरायांपुढे झुकलेले मुख्यमंत्री फडणवीस दिसले, जाहिरात कुणी दिली त्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. एरवी लग्नपत्रिकेतसुद्धा निमंत्रकांची नावं दोन रकाने असतात.

एकेकाळी याच नगर जिल्ह्यातल्या तरवडीत, नेवासे तालुक्यात, मुकुंदराव पाटलांनी पन्नासहून अधिक वर्षं ‘दीनमित्र’ चालवलं. 1910 साली सुरू केलेलं हे साप्ताहिक खेड्यातून निघायचं आणि भटजी, सावकार, कुलकर्णी यांची सालटी काढायचं. आज तरवडीत त्यांचं स्मारक आहे. मुकुंदरावांची आठवण आपण काढतो, पण मासिक चहाच्या यादीत ते कुठल्या बूथवर बसले असते हा प्रश्न विचारत नाही.

बरं, एवढं सगळं करून पेपराने मत घडतं का? मे-जून 2024 मध्ये पेपर हेच होते, वाहिन्या ह्याच होत्या, ढाबेही हेच. तरी नगरला नीलेश लंके आणि शिर्डीत भाऊसाहेब वाकचौरे निवडून आले. भाजपप्रणीत महायुतीच्या दोन्ही जागा गेल्या. कांद्याने ज्याच्या डोळ्यांत पाणी आणलं तो शेतकरी अग्रलेख वाचून मत ठरवत नव्हता. सहाच महिन्यांत त्याच जिल्ह्यात बारापैकी दहा आमदार महायुतीचे झाले. संगमनेरला बाळासाहेब थोरातांचा बालेकिल्लाही पडला. मधल्या काळात कुठला पेपर बदलला? एकही नाही. बदल झाला तो बायकांच्या मोबाइलवर. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेच्या पैशांचे बँकेचे मेसेज यायला लागले, महिन्याला पंधराशेच्या हिशेबाने जमा.

तेव्हा देखरेख केंद्राने पेपर बाजूला ठेवावा आणि हा मेसेज वाचावा. महाराष्ट्रातलं सर्वांत खपाचं मराठी माध्यम आज तेच आहे. त्यात अग्रलेख नसतो, आकडा असतो, आणि वाचक तो दोनदा वाचतो. पंधराशेचे एकवीसशे करू, असं महायुतीच्या जाहीरनाम्यात होतं. केंद्राला मंजुरी मिळाल्यावर पाचच दिवसांनी, 10 मार्च 2025 रोजी, नव्या सरकारचा पहिला अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात देखरेखीचे दहा कोटी शोधायची गरज नव्हती, ते आधीच मंजूर होते. एकवीसशे रुपये त्यात नव्हते.