वाकू नका, वाका

चंद्रपुरात मे महिन्यात सूर्याला नमस्कार घालावा लागत नाही. तोच आपल्याला लोटांगण घालायला लावतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, पण तो साताऱ्याकडच्या हवेत. नवतप्यात ते आमच्याकडे आले असते, तर कूलरमागूनच हात जोडून मोकळे झाले असते. पारा 45 च्या खाली असला की ‘आज जरा बरं आहे’ म्हणणारे आम्ही लोक. सकाळी सातला ऊन अंगावर येतं आणि संध्याकाळी सातला जमीन दिवसभराचं सगळं परत करते. त्यामुळे कॉलनीतल्या योगवर्गाची वेळ रात्री साडेआठची ठरली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. त्या यादीत माझं नाव होतं, त्याचं मात्र मला वाटलं.

नाव बायकोनं घातलं होतं. “अहो, शेवटी नुसतं पडून राहायचं असतं. तेवढं तर येतं ना तुम्हाला?” यावर उत्तर नव्हतं.

तसा रात्री उघड्यावर बसायचा माझा अनुभव दांडगा आहे. मी मूळचा आरमोरीकडचा, झाडीपट्टीतला. आमच्याकडे दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेच पडतो, आणि तोवर तणसावर मांडी घालून, शाल गुंडाळून आम्ही हसतो-रडतो. दुसरी रात्र जागलीची. धान भरायला आलं की रानडुकरं येतात, मग माळ्यावर बसून रात्रभर डबा बडवायचा. पण या दोन्ही ठिकाणी ‘डोळे मिटा’ असं कुणी म्हणत नाही. डोळा लागला तर एकीकडे खलनायक सुटतो, दुसरीकडे धान जातं.

आमची कॉलनी तुकूमच्या पुढे, ताडोबा रोडच्या बाजूला. वर्ग भरतो त्या मैदानाला तीन बाजूंनी भिंत आहे. चौथ्या बाजूला तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे सरकारी कागदांत ज्याला ‘झुडपी जंगल’ म्हणतात ते. दूरवर वीज केंद्राच्या चिमण्यांचे लाल दिवे. 2920 मेगावॅटचं हे केंद्र, पण आमच्या वाट्याला आला होता एक हॅलोजन, आणि त्याच्याखाली तालुक्यातले सगळे किडे हजेरी लावत. मी निळी चटई घेतली होती. आठवडाभरात कोळशाच्या धुळीनं ती इतकी काळी झाली की ‘माझी निळी चटई’ म्हटलं की लोक माझ्याकडे दयेनं बघू लागले.

खरी अडचण वेगळी होती. आमच्या जिल्ह्यांत वनरक्षक आम्हाला फार आधीपासून एक निराळाच योग शिकवत आले आहेत. अंधारात बाहेर पडू नका. एकटे जाऊ नका. गप्प राहू नका, आपसात मोठ्यानं बोलत राहा. आणि मुख्य म्हणजे वाकू नका. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघ-बिबट्याला चार पायांचं जनावर वाटतो. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना बाया वाकलेल्या असतात आणि तेव्हाच घात होतो. यात विनोदाचं काही नाही. आमच्याकडे त्या हंगामात घरची बाई परत येईपर्यंत चुलीवरच्या भाताकडे कुणाचं लक्ष नसतं.

आणि इकडे अंधारात, कुंपणापासून वीस पावलांवर, योगवर्गाच्या मॅडम मृदू आवाजात सांगत होत्या, “आता एकदम शांत व्हा. डोळे मिटा. आणि कमरेतून खाली वाका.” एका दमात तीन नियम मोडले.

मी हात वर केला. सुंदरबनात मध गोळा करणारे लोक डोक्यामागे मुखवटा बांधायचे, कारण वाघ पाठीमागून येतो. तर पश्चिमोत्तानासनात मुखवटा नेमका कुठे बांधावा? मॅडम म्हणाल्या, “भाऊ, आधी गुडघ्याला नाक तर लागू द्या.”

ते अजून लागलेलं नाही. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, असं पतंजलींचं म्हणणं. माझं एका वेळी एकच जमतं. वृक्षासनात मी स्थिर झालो होतो, खरंच झालो होतो, तेवढ्यात एक भुंगा कॉलरमधून आत शिरला आणि तो वृक्ष शेजारच्या निवृत्त कोळसा-कामगारावर कोसळला. “खाणीत चाळीस वर्षं छत पडलं नाही माझ्यावर,” ते एवढंच म्हणाले. मार्जारासन कसंबसं निभावलं, व्याघ्रासनाला मात्र साफ नकार दिला. ज्याच्या हद्दीत राहतो त्याची नक्कल त्याच्यादेखत करू नये, हे मी नोकरीत शिकलोय. त्राटकासाठी मेणबत्त्या आणल्या होत्या, त्या वाऱ्यानं विझल्या, म्हणून आम्ही वीज केंद्राच्या लाल दिव्याकडे टक लावून बसलो. तो मिचकावत होता. एकाग्रता झाली, पण समोरचा आपली थट्टा करतोय असं सारखं वाटत राहिलं.

आई रोज सोबत यायची. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, बसायला प्लास्टिकची खुर्ची, हातात सुपारीची पिशवी. जन्मभर तिनं बांधीत रोवणी केलेली. पावसात, घोटाभर चिखलात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कमरेत वाकून पऱ्हे रोवायचे आणि वर गाणीही म्हणायची. आम्ही पादहस्तासनात वीस सेकंद काढून धापा टाकत उठलो, तेव्हा तिनं सुपारी कातरता कातरता विचारलं, “याचे रोजचे किती देतेत?”

“देत नाहीत आई, आपण देतो. महिन्याची फी असते.”

अडकित्ता थांबला. “वाकाचे पैसे आपनच द्याचे?” मग बराच वेळ ती माझ्याकडे, जमीन विकून आलेल्या पोराकडे बघावं तशी बघत राहिली.

बुद्धपौर्णिमेला मॅडमनी हॅलोजन बंद केला. त्या रात्री ताडोबात हौशी मंडळी पाणवठ्यावरच्या मचाणांवर डोळे ताणून जनावरं बघत जागतात. आमच्याकडे चंद्रनमस्कार झाले. ‘चांद्या’चं चंद्रपूर 1964 मध्ये झालं, पण गावानं चंद्राला रीतसर नमस्कार केला तो बहुधा त्याच दिवशी. मग शवासन. हठप्रदीपिकेत पंधरा आसनं सांगितली आहेत आणि शवासन त्यातलं एक आहे, म्हणजे पंधरातलं एक मला पक्कं येतं. जमीन पाठीखाली कोमट होती. दुरून कुठून तरी मोगऱ्याचा वास येत होता. मॅडम म्हणाल्या, “पायाचे अंगठे सैल सोडा...” गुडघ्यांपर्यंत त्या पोचल्या असतील, मला ठाऊक नाही.

जाग आली ती तोंडावर टॉर्च पडल्यामुळे. एक नव्हे, सात-आठ. उठून बसलो तर आजूबाजूला नुसत्या रिकाम्या चटया, एक-दोन चपला, कुणाचा तरी चष्मा. सगळा वर्ग पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढून बसला होता. मॅडम सगळ्यांत वरच्या पायरीवर. बायको त्यांच्याखाली, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, शरम होती.

झालं होतं ते असं. शवासनाच्या शांततेत अचानक आवाज सुरू झाला. खर्र-खूं, खर्र-खूं. लाकडावर करवत चालावी तसा. बिबट्या असाच ओरडतो, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरालाही माहीत. कुणीतरी “बिबट!” म्हणालं. कुणी वन खात्याला फोन लावला. कोळसा-कामगार काका तर या वयात तीन-तीन पायऱ्या चढले म्हणे.

खाली राहिली होती एकटी आई. खुर्चीत, तशीच. टॉर्च माझ्यावर स्थिरावल्या तेव्हा तिनं मान वर करून जिन्याला सांगितलं, “उतरा जी. बिबट नोहोय, मायाच पोरगा आहे.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझी चटई कुंपणाला लागून टाकायला लावली. तेव्हापासून रानडुकरं त्या बाजूला फिरकलेली नाहीत, आणि मॅडमनी जूनची फी माझ्याकडून घेतली नाही. आईला ते पटलंय. पण जागलीचा रोज आजकाल किती आहे, याची चौकशी ती गावाकडे फोन करून करतेय.