परीक्षक क्रमांक दोन

शोधनिबंध आला की संपादक आधी तो स्वतः चाळतो. विषयाबाहेरचा असेल तर तिथूनच परत पाठवतो, उरलेला दोन परीक्षकांकडे जातो. लेखकाचं नाव परीक्षकांपासून आणि परीक्षकांची नावं लेखकापासून लपवली की त्या पद्धतीला डबल ब्लाइंड म्हणतात. जयपूरच्या जंतरमंतरमध्ये एका नियतकालिकाचे मराठी संपादक आणि त्यांचे मराठी परीक्षक क्रमांक दोन समोरासमोर येतात, तेव्हा या पद्धतीचं पुढचं कामकाज कळतं.

संपादक : सर, मुदत तीन आठवड्यांची होती. चार महिने झाले.

परीक्षक : अहो, पेपर तपासणी, नॅकची कमिटी, वर मुलीचं लग्न. निबंध वाचलाय मात्र. कुणाचा आहे तेही ओळखलं.

संपादक : नाव तर आम्ही काढलं होतं!

परीक्षक : काढलंत. पण 34 संदर्भांपैकी 19 एकाच माणसाचे, आणि पानोपानी ‘आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे’. आता काय आधार कार्ड जोडायचं बाकी होतं? आमचाच विद्यार्थी तो.

संपादक : मग त्याच दिवशी कळवायचंत. विद्यार्थी, सहलेखक, विभागातला सहकारी, प्रतिस्पर्धी, यातलं काहीही निघालं की निबंध परत करायचा असतो.

परीक्षक : प्रतिस्पर्धीसुद्धा? मग या विषयात देशात उरतं कोण?

(प्रश्न रास्त आहे. छोट्या विषयात सगळेच एकमेकांना ओळखतात. अशा वेळी परीक्षकाने नातं उघड सांगायचं आणि निर्णय संपादकावर सोडायचा. न सांगणं हा खरा गुन्हा.)

संपादक : बरं, अभिप्राय काय लिहिलात?

परीक्षक : ‘सुमार. माझे सात निबंध संदर्भात घ्यावेत.’

संपादक : त्यातले सहा तर दुसऱ्याच विषयावरचे आहेत!

परीक्षक : संबंध काय, जोडला की जुळतो.

संपादक : सर, हे समोरचं सम्राट यंत्र बघा. ते उभारणाऱ्या सवाई जयसिंहांनी पोर्तुगालला माणसं पाठवून ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टकं मागवली आणि आकाशाशी ताडून पाहिली. चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाचा फरक निघाला. ‘सुमार’ म्हणून मोकळे झाले नाहीत ते. चूक कुठे, किती आणि बहुधा कशामुळे, तेही नोंदवलं. म्हणाले, तिकडची यंत्रं व्यासाने लहान असणार.

परीक्षक : आणि ‘आमचे संदर्भ घाला’ म्हणाले नाहीत?

संपादक : घालणार कोण? ला हीर 1718 मध्येच वारले होते.

परीक्षक : पण जयसिंहांच्या पदरी आपले जगन्नाथ सम्राट होते हो. महाराष्ट्रीय पंडित! अरबीवरून युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली.

संपादक : तुमच्यासारखा परीक्षक भेटला असता तर त्यांचं ते ‘रेखागणित’ अजून दुरुस्तीतच असतं.

परीक्षक : तरी नशीब, मी स्वतः वाचतो. आमच्या एका पीएचडीवाल्याला वाचायला दिला, तर त्याने निबंध चॅटजीपीटीत टाकून दोन मिनिटांत अभिप्राय काढला.

संपादक : म्हणजे निबंध तिसऱ्याच्या हाती गेला, आणि यंत्राच्याही! अप्रकाशित मजकूर गोपनीय असतो, सर. विद्यार्थ्याची मदत घ्यायची तर आधी आम्हाला विचारायचं.

परीक्षक : इतकं सोवळं पाळतं कोण?

संपादक : नियम पाळले नाहीत म्हणूनच आपल्या नियतकालिकांचं हसं झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतली 1009 नियतकालिकं पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धनांच्या गटाने तपासली. 2018 साली निष्कर्ष छापून आले : सुमारे 88 टक्के नापास. त्याच वर्षी आयोगाने यादीतून 4305 नावं उडवली.

परीक्षक : पण आयोगाची त्यानंतरची ‘केअर’ यादीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंदच केली ना?

संपादक : केली. आता पारख ज्याची त्याने करायची. तुमचा हा निबंध मी दुसऱ्याकडे पाठवतो.

परीक्षक : पाठवा. तेवढं परीक्षणाचं प्रमाणपत्र द्या. पदोन्नतीच्या फायलीत लावायचंय.

संपादक : ‘हितसंबंधामुळे निबंध काढून घेतला’, असं देऊ?

परीक्षक : चालेल. मजकूर तेवढा डबल ब्लाइंड ठेवा.